कविवर्य मोरोपंत : कऱ्हाकाठचे शब्दशिल्पी

आषाढी वारीच्या दिवसांत जगद्गुरू श्री तुकाराम महाराजांची पालखी बारामतीस मुक्काम करून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुराकडे जाते, हे भाविकांस ठाऊक आहेच. परंतु ज्या नगरीत ती विसावते, त्या नगरीने मराठी भाषेस दिलेल्या एका थोर भक्तकवीची ओळख मात्र येणाऱ्या यात्रेकरूंपैकी थोड्यांनाच असते. अनेकजण त्यांचा एक श्लोक बालपणापासून म्हणत आलेले असतात, आणि तरीही तो कोणाचा हे त्यांस सांगता येत नाही. त्या कवीचे, म्हणजे कविवर्य मोरोपंत यांचे, चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

पंतांच्या पूर्वीच या भूमीला सारस्वताचा स्पर्श झाला होता. कऱ्हा नदीचे पौराणिक नाव ब्रह्मकमंडलू. शिवभक्तांच्या घरोघरी वाचला जाणारा शिवलीलामृत हा ग्रंथ याच नदीच्या तीरी पूर्ण झाला. श्रीधरस्वामी नाझरेकर यांनी ग्रंथाच्या शेवटी बारामतीचा उल्लेख द्वादशमती या नावाने केला असून ग्रंथसमाप्तीचा काळ शके १६४० चा फाल्गुन, म्हणजे इ. स. १७१९ चा आरंभ, असा दिला आहे. पुढे दहा वर्षांनी, १७२९ मध्ये, श्रीधरस्वामींनी देह ठेवला. त्याच वर्षी दूर पन्हाळगडावर मोरोपंतांचा जन्म झाला. या योगायोगाला कोणी काही अर्थ द्यावा असे नाही. पण दोघेही या गावाला बाहेरून आले आणि दोघांचीही वाणी या नदीच्या काठी वाहिली, एवढे खरे.

पंतांचे संपूर्ण नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. घराणे मूळचे कोकणातील, राजापूरकडील सौंदळ गावचे. वडील रामजीपंत उपजीविकेसाठी घाट चढून पन्हाळ्यास आले. पन्हाळा त्या काळी करवीर राज्याची राजधानी होता. राजधानीच्या ठिकाणी नोकरी होती आणि विद्याही होती. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान बंधूंकडे मोरोपंतांचे अध्ययन झाले. व्याकरण, काव्य, अलंकार, वेदांत अशा विषयांत वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी परिश्रम केले. पंतांच्या काव्यात पुढे जी शब्दांची श्रीमंती दिसते तिचे भांडवल या काळात जमले. आपल्या गुरूंविषयीची कृतज्ञता त्यांनी जन्मभर बाळगली.

याच सुमारास रामजीपंत पन्हाळा सोडून बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांच्या पदरी आले, आणि त्यांच्यामागोमाग १७५२-५३ च्या सुमारास मोरोपंतही आले. म्हणजे दोन पिढ्यांत हे घराणे कोकणातून देशावर आणि देशावरही एका दरबारातून दुसऱ्या आश्रयाला असे दोनदा उठले. घरदार आणि ओळखीची माणसे मागे टाकून नव्या गावी कोणाच्या तरी आधाराने उभे राहणे, हा त्या शतकातील कितीतरी शास्त्री, पुराणिक, कलावंत व कारागिरांचा अनुभव होता.

ज्यांनी त्यांस आश्रय दिला ते बाबूजी नाईक साधे गृहस्थ नव्हते. मोठे सावकार, छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारात वजन असलेले, आणि पेशवे घराण्याचे सोयरे. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई ही त्यांच्या बंधूंस, आबाजी नाईकांस, दिलेली होती. सोयरिक असली तरी सख्य होतेच असे नाही. थोरले बाजीराव १७४० मध्ये निवर्तल्यावर पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांऐवजी बाबूजी नाईकांना मिळावीत यासाठी रघूजी भोसल्यांनी खटपट केली होती. ती फळाला आली नाही. राजकारणात नाईकांची जी सरशी व्हायची राहिली ती राहिलीच. पण आज अडीचशे वर्षांनंतर त्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे, त्याला त्यांचे कर्ज-वसुलीचे कागद कारण नाहीत. त्यांनी एका तरुण पुराणिकाला घरी ठेवून घेतले, हे कारण आहे.

मोरोपंतांचे काम म्हणजे नाईकांच्या मुलांना शिकविणे आणि वाड्यात पुराण सांगणे. हे काम त्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ केले. त्यांच्या हयातीत पानिपत झाले, नारायणरावांचा खून झाला, बारभाईंचे कारस्थान झाले, इंग्रजांशी युद्ध झाले. या उलथापालथीची छाया पंतांच्या प्रचंड काव्यराशीत फारशी उमटलेली नाही. काही अभ्यासकांना हा दोष वाटतो. आमच्या मते पंतांनी आपली जागा जाणून घेतली होती. रोज संध्याकाळी श्रोत्यांसमोर रामकथा व भारतकथा उलगडणे हे आपले काम, असे त्यांनी ठरविले आणि ते एका जागी बसून पार पाडले.

पेशवाईत वाड्यांचे व मंदिरांचे बांधकाम जोरात होते. सागवानी सुरूच्या खांबांवर कमळे आणि महिरपींना केळफुले कोरणारे सुतार-नक्षीकार काम मिळेल त्या गावी जात, तेथेच घर करीत आणि एका दाराच्या चौकटीवर महिनेच्या महिने घालवीत. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. मोरोपंतांची काव्यरचना पाहिली म्हणजे या कारागिरांची आठवण होते. लाकडाच्या जागी शब्द, पटाशीच्या जागी लेखणी, एवढाच काय तो फरक. ठरलेल्या मापाच्या फळीत मावेल अशी आकृती कोरायची आणि तरीही ती जिवंत दिसली पाहिजे, ही जी काष्ठशिल्पाची अट तीच पंतांच्या आर्येची अट होती.

आर्या हे वृत्त मात्रांचे. पंतांनी बहुधा जो प्रकार वापरला त्याला शास्त्रात गीती म्हणतात. तिच्या प्रत्येक ओळीत बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा येतात. दोन ओळी, साठ मात्रा, की आर्या संपली. एवढ्या जागेत प्रसंग, बोलणाऱ्याचा स्वभाव, एखादी उपमा आणि ओळीच्या शेवटी यमक, असे सारे बसवायचे. अशा सुमारे १७ हजार आर्यांत पंतांनी महाभारताची अठराही पर्वे मराठीत आणली. हेच त्यांचे आर्याभारत. व्यासांचे भारत लक्ष श्लोकांचे मानले जाते. ते इतके आवळूनही कथा कोठे तुटत नाही. त्यांच्या पूर्वी मुक्तेश्वरांनी भारत ओव्यांत रचले, पण त्याची मोजकीच पर्वे आज मिळतात. पंतांचे काम आदिपर्वापासून स्वर्गारोहणापर्यंत पुरे आहे. याखेरीज कृष्णविजय, हरिवंश, मंत्रभागवत आणि लहानमोठी शेकडो प्रकरणे धरता त्यांची एकूण रचना पाऊण लाख पद्यांच्या घरात जाते, असे अभ्यासक मानतात.

पंतांचे उपास्य प्रभू रामचंद्र. रामकथा एकदा सांगून त्यांचे समाधान झाले नाही. जपमाळेचे मणी जसे १०८, तशी १०८ रामायणे रचण्याचा संकल्प त्यांनी केला. ही सर्व रामायणे आज उपलब्ध नाहीत, पण जी आहेत ती पाहून वाचक थक्क होतो. कथा तीच, घडण मात्र दर वेळी वेगळी, आणि दर वेळी एखादा नवा नियम स्वतःवर घालून घेतलेला. दामरामायणात एका चरणाचा शेवट पुढच्या चरणाच्या आरंभी येतो आणि फुलांची माळ ओवावी तशी ओळीत ओळ गुंफत जाते. मंत्ररामायणात तेरा अक्षरी राममंत्राची अक्षरे कथेच्या ओघात क्रमाने बसविलेली आहेत. निरोष्ठ रामायण तर विलक्षणच. ओठ मिटल्याशिवाय उच्चारता न येणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात येऊ द्यायची नाहीत. आता यातील अडचण भाविकांच्या चटकन लक्षात येईल. राम या नावातच म आहे! म्हणजे ज्याची कथा सांगायची त्याचे नाव घ्यायचे नाही. भरताचे नाही, लक्ष्मणाचे नाही, बिभीषणाचेही नाही. रघुकुळाच्या, दशरथाच्या, सीतेच्या नात्याने त्याचा निर्देश करीत करीत सारी कथा शेवटास न्यायची. ज्या नामाचा जप आयुष्यभर केला ते एका ग्रंथापुरते जिभेवर येऊ द्यायचे नाही, हे एक प्रकारचे व्रतच म्हटले पाहिजे.

येथेच पंतांवरील मोठ्या आक्षेपाचा उगम आहे, आणि तो भाविकांपासून लपविण्याचे कारण नाही. पंतांचे काव्य म्हणजे कारागिरी. त्यात संतांच्या अभंगातला कळवळा नाही. लांबलचक संस्कृत समासांमुळे साध्या माणसाला ते कळत नाही. असे एकोणिसाव्या शतकापासून अनेक रसिकांनी म्हटले. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. १०८ रामायणांतील काही रचना वाचताना मन कथेत न रमता नियम पाळला गेला की नाही हेच तपासू लागते. अर्थ लावण्यासाठी कोश जवळ ठेवावा लागतो अशाही आर्या पुष्कळ आहेत. परंतु मंदिराच्या मंडपात उभे राहून खांबावरची नक्षी पाहणारा भाविक ती नक्षी भक्तीत बसते की नाही असे कधी विचारत नाही. देवाच्या दाराची चौकट कोरणाऱ्याने जीव ओतून पाकळी कोरली, ती त्याची पूजा झाली, हे आपण मान्य करतो. मग शब्द कोरणाऱ्यालाच वेगळा न्याय कशासाठी? शिवाय पंतांचे काव्य केवळ विद्वानांसाठी राहिले असते, तर ते त्यांच्याबरोबरच संपले असते. तसे झाले नाही, याची कारणे दोन.

पहिले कारण त्यांनीच करून ठेवले होते. ज्यांना संस्कृत येत नाही, ज्यांच्या हाती पोथीही पडत नाही, अशा घरातील स्त्रियांसाठी त्यांनी सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीगीत अशी सोप्या चालीची गीते रचली. आर्याभारताच्या कर्त्याने जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या तोंडी शोभेल अशी भाषा योजावी, याचे आश्चर्य वाटते. पण ती त्यांस साधली. सीतेचे दुःख तेथे अलंकाराविना आले आहे.

दुसरे कारण कीर्तन. आर्येची चाल ठसठशीत, अर्थ दोन ओळींत पुरा, आणि शेवटचे यमक टाळ्या घेणारे. कीर्तनकाराला पूर्वरंगात किंवा आख्यानात प्रमाण म्हणून उभ्या उभ्या म्हणता येईल असे याहून सोयीचे पद्य कोणते? सोलापूरचे प्रसिद्ध शाहीर रामजोशी यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले पाहिजे. रामजोशी विद्वान घराण्यातील, पण लावणी-तमाशाच्या नादाने घराबाहेर पडलेले. त्यांची आणि पंतांची भेट झाली, पंतांनी त्यांच्या वाणीचे कौतुक करून ती हरिकीर्तनाकडे वळविली, अशी परंपरागत कथा आहे. कथेतील तपशील कसाही असो. रामजोशींनी पुढे कीर्तने केली आणि त्या कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या महाराष्ट्रभर नेल्या, हे सर्वमान्य आहे. जे काव्य पंडितांच्या पंक्तीत जन्मले ते एका तमासगीर शाहिराच्या मुखाने गावच्या चावडीपर्यंत गेले. नारदीय कीर्तनात आजही आर्या आली की ती बहुधा पंतांची असते.

पंत बारामतीचे झाले तरी तीर्थयात्रेची ओढ त्यांना होती. त्यांनी काशीयात्रा केली. गंगेवर त्यांची जी रचना आहे तिच्यातील एकीचे नाव गंगावकिली असे आहे. देवाच्या दरबारात आपला कज्जा चालवायला गंगामाई वकील म्हणून उभी राहावी, ही कल्पना नाईकांसारख्या सावकाराच्या घरी दावे-फिर्यादी रोज ऐकणाऱ्या माणसालाच सुचावी! सन्मणिमाला या प्रकरणात त्यांनी संतांचे स्तवन केले आहे. स्वतः पंडित असूनही ज्ञानेश्वर-तुकारामांच्या परंपरेपुढे ते नम्रच राहिले. प्रल्हादाची कथा तर त्यांस फारच प्रिय. इंदापूर तालुक्यात भीमा-नीरा संगमावर श्रीक्षेत्र नीरा नरसिंहपूर आहे. तेथील वाळूची नृसिंहमूर्ती भक्त प्रल्हादाने घडविली अशी श्रद्धा आहे, आणि मंदिराच्या बांधणीत विंचूरकर सरदारांचा मोठा वाटा आहे. बारामती-इंदापूरची यात्रा करणाऱ्यांनी ते क्षेत्र चुकवू नये.

आता केकावलीविषयी. पंतांचे दुसरे काहीही वाचले नाही तरी चालेल, पण केकावली वाचावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. केका म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंत आपली ओळख मयूर अशी सांगत. आकाशात मेघ दिसला की मोर जसा आर्ततेने ओरडतो, तसा हा मयूर घनश्यामाला साद घालतो आहे. सुमारे १२० श्लोक, बहुतेक सर्व पृथ्वी वृत्तात, म्हणजे सतरा अक्षरांच्या चरणांत. येथेही कारागिरी आहेच, पण ती नजरेत भरत नाही. कवी देवाशी भांडतो. गजेंद्राला सोडविलेस, अजामिळाला तारलेस, द्रौपदीची लाज राखलीस, मग माझ्याच वेळी उशीर का, असा जाब तो विचारतो. आपल्या दोषांची यादी तो स्वतःच पुढे ठेवतो आणि त्याच यादीच्या जोरावर हक्क सांगतो, की पतितांना तारणे हे तुझे ब्रीद असेल तर मजसारखा पात्र माणूस तुला दुसरा कोठे मिळणार! कधी तो रुसतो, कधी देवाची थट्टा करतो, आणि लगेच पाय धरतो. १०८ रामायणे लिहूनही ज्याला आपण कोरडेच राहिलो की काय अशी शंका येते, त्याचा हा आक्रोश आहे. पंतांच्या भक्तीविषयी ज्यांस संशय असेल त्यांनी या श्लोकांपाशी क्षणभर थांबावे.

याच केकावलीत शेवटाकडे एक मागणे आहे. त्यात धन नाही, मान नाही, कवित्वाची कीर्तीही नाही. चांगल्यांची संगत घडावी, कानी सज्जनांचे शब्द पडावेत, बुद्धीचा मळ झडावा, विषयांचा वीट यावा, एवढेच ते मागणे. महाराष्ट्रातील असंख्य शाळांत हा श्लोक प्रार्थनेत म्हटला गेला. आरंभी ज्या श्लोकाचा उल्लेख केला तो हाच.

शके १७१६, म्हणजे इ. स. १७९४ च्या चैत्रात पंतांनी बारामती येथेच देह ठेवला. रामनवमीच्या सुमारास त्यांस ज्वर आला आणि चैत्र पौर्णिमेस ते रामचरणी लीन झाले, असे सांगतात. चैत्र पौर्णिमा ही हनुमान जयंतीची तिथी. आयुष्यभर रामकथा सांगणाऱ्या पुराणिकाला याहून वेगळी तिथी कोणती मिळायची!

त्यांच्या मागे पोथ्या राहिल्या. पुढील शंभर वर्षांत त्या छापखान्यात कशा गेल्या, हीही एक चांगली कथा आहे. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नवनीत या वेच्यांच्या पुस्तकात पंतांना मोठे स्थान दिले आणि त्यायोगे त्यांच्या आर्या शाळकरी मुलांच्या पाठांतरात आल्या. मुंबईस माधव चंद्रोबा डुकले यांच्या सर्वसंग्रह मासिकाने १८६० पासून जुन्या कवींबरोबर पंतांचे ग्रंथ छापण्याचे मनावर घेतले. मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे जातिभेद व मूर्तिपूजा न मानणारे सुधारक; परंतु त्यांनीही केकावलीवर यशोदापांडुरंगी नावाची विस्तृत टीका लिहिली, ती १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. मूर्तिपूजा नाकारणाऱ्याला मोराच्या या टाहोत काय सापडले असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांच्या कवितेची बाजू हिरिरीने मांडली, आणि १९०८ मध्ये लक्ष्मण रामचंद्र पांगारकर यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले. आज पंतांविषयी जे काही सांगितले जाते त्याचा बराच भाग पांगारकरांच्या श्रमांवर उभा आहे.

बारामतीस येणाऱ्या भाविकांनी श्री सिद्धेश्वर व श्री काशीविश्वेश्वर यांचे दर्शन घेतल्यावर कऱ्हेच्या काठी असलेला बाबूजी नाईकांचा वाडा अवश्य पाहावा. पन्हाळ्याहून आलेल्या तरुण पुराणिकाला आश्रय मिळाला तो या नाईकांच्या घरी, आणि त्यांच्याच पदरी त्याचे उरलेले सारे आयुष्य गेले. तेथून इंदापूर व पुढे नीरा नरसिंहपूर हा प्रवास एका दिवसात सहज होतो; पंढरपूरकडे जाणाऱ्यांस हाच मार्ग सोयीचा पडतो.